निंबाखाली सडत असलेली फियाट: काकाजी विकतही नाहीत, काढतही नाहीत

आर्णीरोड:
आमच्या गावात एका काकाजींच्या घरासमोर 1970 ची फियाट 1100 उभी आहे, पद्मिनी नाव पडायच्या आधीची. बारा-तेरा वर्षं एकाच जागी, निंबाखाली. टपावर पऱ्हाट्या रचल्यात, डिक्कीत कोंबडी अंडी देते. लहानपणी याच गाडीने माझ्या आजीला रात्री यवतमाळला दवाखान्यात नेलं होतं म्हणून जीव अडकलाय माझा. दोनदा म्हटलं काकाजी द्या मले, पैसे तुम्ही म्हणाल ते, तर म्हणतात "विकाले नाही ठेवली बाप्पा, पोराले सुट्टी भेटली का काढू." पोरगा पुण्याला, दिवाळीला दोन दिवस येतो. मागच्या पावसाळ्यानंतर पाहिलं तर ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसते. मृग लागायच्या आत काही करता येईल का? इंजिन सुटते का इतक्या वर्षांनी?

पाना_दहाबारा:
इंजिनचं टेन्शन नको घेऊ भाऊ, पत्र्याचं घे. जीपले खाली वेगळी चेसिस, म्हंजे लोखंडी सांगाडा, असते, बॉडी सडली तर दुसरी बसते, फियाटचा पत्राच चेसिस हाय. दरवाज्याखालच्या पट्टीले पाणी निघाले बारीक भोकं असतात, ते निंबाच्या पाल्यानं बुजतात अन् पाणी आतच मुरते, वरून कलर चांगला दिसते अन् पेचकस टोचला का आरपार. तिथं जॅक लावूच नको. इंजिन जाम असन तर चारही प्लग काढ, डिझेल अन् इंजिन ऑइल मिळून थोडं थोडं आत सोड, आठ दिवस हात लावू नको, मंग क्रँकच्या, म्हंजे इंजिन फिरवणाऱ्या दांड्याच्या, नटाले पाना लावून हळू मागंपुढं हलव. आधीच सेल्फ मारला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. अन् ताडपत्री गुंडाळू नको, खालून ओल धरते. चार बल्ल्या अन् टिन, बस.

गोठ्याजवळची_जीप:
आमच्या बाबांची जीप अशीच होती. लोक मागायचे, बाबा नाही म्हणायचे, आम्हाला तो हट्ट वाटायचा. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्या मडगार्डला टेकून उभे राहायचे. विकली म्हणजे आता आपल्याच्यानं गाडी चालवणं होत नाही हे कबूल करावं लागते, ते मला फार उशिरा कळलं. ते गेले अन् भंगारवाल्यानं गॅस कटरनं तुकडे करून किलोवर नेली, मीच हो म्हटलं होतं. काकाजींना गाडी मागू नका. टिन टाकून देऊ का विचारा.

वाशीम३७:
आरसी बुक आहे का पाहा. 50 वर्षांवरची, मूळ स्थितीतली खाजगी गाडी 2021 च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, जुना नंबर तोच राहतो. रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

आर्णीरोड:
काल गेलो, घ्यायचं नावच नाही काढलं. टिनाचं बोललो तर काकाजी स्वतःच पऱ्हाट्या उतरवायला लागले, चावी देवघरातून आणली अन् म्हणे कोंबडीले दुसरी टोपली दे आधी. पट्टीची भोकं तारेनं मोकळी केली, ओंजळभर कुजका पाला अन् गंजाचा चुरा निघाला. उजवी पट्टी गेलीच, डावी ठणठणीत वाजते. आरसी पेटीत आहे म्हणतात. प्लग तीन निघाले, चौथा हलत नाही, बुडाशी डिझेल सोडून ठेवलंय. जोर लावू का अजून थांबू?

पाना_दहाबारा:
थांब. रविवारी मी येतो.