मदत हवी आहे : मिनी डेस्कटॉपला नवी रॅम टाकल्यापासून निळा स्क्रीन, दोन्ही स्टिक लावल्या की डिस्प्लेच येत नाही

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. हिशेबाचं काम मी बघते. हंगाम ऐन भरात आहे. सौदे उरकले की शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, काउंटरपाशी उभे असतात, त्यातले काही तर कर्नाटकातून आलेले, त्यांना परतीची गाडी गाठायची असते. आणि नेमका आत्ताच कॉम्प्युटर दगा देतोय. आज नववा दिवस. काय काय करून बघितलं ते सगळं लिहिते, थोडं लांबेल.

मशीन म्हणजे जुना, दोन वर्षांपूर्वी रिफर्बिश्ड घेतलेला मिनी डेस्कटॉप. जाडजूड वहीएवढा डबा, मॉनिटरच्या मागे बसतो. प्रोसेसर इंटेलचा आय५-६५००टी, २५६ जीबी एसएसडी, विंडोज १०. रॅमचे दोन स्लॉट आहेत. एकात ८ जीबीची स्टिक, दुसरा आम्ही घेतला तेव्हापासून रिकामा. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल आणि एक्सेलची आवकेची शीट एवढं उघडलं की मशीन रांगायला लागायचं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसायची. म्हणून आणखी ८ जीबी घालायचं ठरवलं.

पहिली चूक माझीच. कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन "डेस्कटॉपसाठी डीडीआर४, ८ जीबी" एवढंच सांगितलं. त्यांनी लांब स्टिक दिली. डबा उघडला तर आतली स्टिक तिच्या जेमतेम निम्मी. मिनीला लॅपटॉपची रॅम लागते, सोडिम म्हणतात तिला, हे मला तेव्हा कळलं. लांब स्टिकला २८८ पिना, सोडिमला २६०. ती त्यांनी लगेच बदलून दिली, त्याबद्दल तक्रार नाही.

बदलून आणलेली स्टिक डीडीआर४ ३२०० (हा वेगाचा आकडा), लेबलवर १आरएक्स१६ (चिपच्या मांडणीची खूण) लिहिलंय. जुनीवर २आरएक्स८ आणि पीसी४-२१३३पी. आता काय होतंय ते :

जुनी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये : सगळं ठीक.
जुनी पहिल्यात, नवी दुसऱ्यात : पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळा. दहा मिनिटं थांबून बघितलं.
नवी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये : मशीन चालू होतं, ८ जीबी बरोबर दिसते. पण वीस-पंचवीस मिनिटांत निळा स्क्रीन. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. एकदा सॉफ्टवेअर पावती भरता भरता बंद पडलं.

विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, त्यात काहीही दोष निघाला नाही. दुकानदारांकडे पुन्हा गेले. त्यांनी स्टिक त्यांच्या लॅपटॉपला लावली, विंडोज चालू करून ८ जीबी दाखवली आणि म्हणाले, "रॅम चांगली आहे ताई, तुमचा बोर्ड गेलाय." अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे खरं वाटलं आणि ते नवीन मशीन घ्यायला निघालेत. मला ते पटत नाही, कारण जुन्या स्टिकवर तेच मशीन दिवसभर व्यवस्थित चालतं.

माझे प्रश्न : नवी रॅम खराब आहे, या मशीनला चालणारी नाही, की खरंच बोर्ड गेलाय? ३२०० ची रॅम २१३३ च्या मशीनला चालते का? आणि घरच्या घरी हे खात्रीनं कसं ठरवायचं?

प्रतिसाद

ताई, बोर्ड गेलाय असं इतक्यात धरू नका आणि अण्णांनाही थांबवा. तुम्ही नीट लिहिलंय, फक्त एक चाचणी राहिलीय. जुनी, चांगली स्टिक एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. नवी स्टिक आणि दुसरा स्लॉट, दोन्ही संशयित तुम्ही एकाच वेळी तपासताय. त्यामुळे दोष कुणाचा ते कळणार नाही.

वेगाचं म्हणाल तर ३२०० ची रॅम कमी वेगात चालते. आय५-६५००टी डीडीआर४ ला २१३३ च्या पुढे नेत नाही, म्हणून तिथे ती २१३३ नं चालेल. वेगामुळे निळा स्क्रीन यायचं कारण नाही. फक्त हा प्रोसेसर डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्ही चालवतो, त्यामुळे त्याच पिढीच्या काही मिनींमध्ये डीडीआर३एल, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम, असते. दोघींची खाच वेगळ्या ठिकाणी असते, बळजबरीनं बसवायला जाऊ नये. तुमची जुनी पीसी४, म्हणजे डीडीआर४च आहे, म्हणून तो प्रश्न नाही.

प्रतिसाद

१आरएक्स१६ वाली स्टिक बघा, तिच्यावर चारच चिप असतील. ८ जीबी चार चिपमध्ये बसवायची म्हणजे एकेक चिप १६ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). हा प्रोसेसर २०१५ चा आहे, त्या काळच्या स्टिकवर ४ किंवा ८ गिगाबिटच्या चिप असायच्या. एवढ्या दाट चिप जुन्या बोर्डाला पटतीलच असं नाही, आणि पटल्या तरी एक्स१६ रचनेत चिपमधल्या बँकांचे, म्हणजे कप्प्यांच्या विभागांचे, गट निम्मे, म्हणून थोडी हळूही चालते. बदलून घ्यायची वेळ आली तर आठ चिपवाली, १आरएक्स८ मागा.

पण तुमचं मशीन नव्या स्टिकवर चालू होतंय आणि मग पडतंय. न पटणारी रॅम बहुतेक वेळा चालूच होऊ देत नाही. मला स्टिकच्या आतच दोष वाटतोय. चालू होताना ८ जीबी दिसली म्हणजे फक्त मोजणी झाली, प्रत्येक कप्पा तपासला असं नाही. खराब कप्प्यावर काम जाईपर्यंत काही कळत नाही. दुकानात दोन मिनिटांत विंडोज दाखवलं, त्याचा अर्थ एवढाच.

मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरूनच मशीन चालू करा. गरज पडली तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करा. एका वेळी एकच स्टिक लावायची हं. दोन लावल्या की मेमरीच्या कप्प्यांचे पत्ते दोघींत वाटले जातात आणि दोष कुठल्या स्टिकचा ते ओळखता येत नाही. रात्रभर चालू द्या. चांगल्या रॅमला शून्य चूक हवी. एक जरी लाल ओळ आली तर ती स्टिक हिशेबाच्या मशीनला नको.

आणि अगदी कळकळीनं सांगतो, तोवर नव्या स्टिकवर पट्ट्या काढू नका. रॅम चुकली की चुकीचंच एसएसडीवर लिहिलं जातं. आधी बॅकअप बघा.

धागाकर्ती

मनापासून आभार. काल दुकान बंद झाल्यावर बसले. आधी बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला. वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, कपाटाच्या लोखंडाला हात लावून मग डबा उघडला.

जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली : डिस्प्ले नाही! क्षणभर वाटलं, बोर्डच गेला, दुकानदारच खरे. मग मोबाईलची टॉर्च लावून स्लॉटमध्ये वाकून बघितलं. पिनांच्या रांगेत बारीक पिवळी रेघ होती, एका टोकापासून मधल्या खाचेपर्यंत. हळद. आमच्याकडे पोती उघडली की धूळ उडते, ती काउंटरवर, वह्यांवर, सगळीकडे बसते. पहिल्या स्लॉटमध्ये स्टिक कायम असल्यानं तो झाकलेला राहिला, दुसरा उघडाच होता.

याला काय वापरू? घरी मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा आहे. स्लॉटमध्ये खोडरबर घालू का?

प्रतिसाद

स्लॉटमध्ये खोडरबर अजिबात नको, चुरा आत अडकतो. खोडरबर फक्त स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर, तोही हलक्या हातानं, आणि नंतर पुसून घ्यायचं. स्लॉटला फुगा आणि कोरडा मऊ ब्रश. तरी राहिलं तर ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला करून फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. व्हॅक्युम क्लीनर लावू नका.

स्टिक तिरकी घालून पूर्ण आत ढकलायची, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंचे पत्र्याचे चिमटे टक् करून बसले पाहिजेत. सोनेरी कडा एका बाजूला जास्त दिसत असेल तर ती नीट बसलेली नाही. बदल केल्यावर पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन मिनिटभर काळा राहिला तर घाबरून बंद करू नका, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो.

जाता जाता, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. हंगाम काढायला रॅम घाला, यापेक्षा जास्त पैसे या डब्यात घालू नका.

धागाकर्ती

सविस्तर सांगते, कारण निकाल दोन्हीकडे लागला.

स्लॉट साफ केला. फुग्यानं बरीच गेली, खाचेजवळची हटेना, ती अल्कोहोलच्या ब्रशनं निघाली. ब्रशचं टोक पिवळं झालं. अर्ध्या तासानं जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली आणि डिस्प्ले आला. मेमटेस्ट लावून झोपले, सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चूक शून्य. म्हणजे बोर्ड चांगला, स्लॉट चांगला.

मग नवी एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये. पहिली फेरी संपायच्या आत लाल ओळी सुरू झाल्या, पत्ते सगळे ५.३ जीबीच्या आसपासचे. बंद करून तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. पुन्हा लाल, पुन्हा तेच पत्ते. शेवटी भावाच्या लॅपटॉपमधली रॅम काढून तिथे लावली, तो बराच नवा आहे. तिथेही लाल. तिन्ही वेळा स्क्रीनचा फोटो काढला, स्टिकचा सीरियल नंबर दिसेल असा.

फोटो घेऊन दुकानात गेले. वाद घातला नाही. त्यांच्याच लॅपटॉपवर माझा पेनड्राइव्ह लावू द्या म्हटलं. पहिली लाल ओळ यायला सतरा मिनिटं लागली, तोवर आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत उभे होतो. ते म्हणाले, "चालू झाली की चांगली, असंच आम्ही आजवर धरत आलो." बदलून दिली. मी आठ चिपवाली १आरएक्स८ मागितली, त्यांच्याकडे २६६६ ची होती. ती दुकानातच एक फेरी चालवून घेतली. आता दोन्ही मिळून १६ जीबी, रात्रीच्या चार फेऱ्यांत शून्य चूक, दोन दिवसांत एकही निळा स्क्रीन नाही. डब्याच्या हवेच्या जाळीला आता आठवड्याला फुगा मारायचा ठरवलंय, आणि तो पोत्यांच्या बाजूनं हलवून आतल्या भिंतीला लावलाय.

हिशेबाचं मात्र तुम्ही म्हणालात तसंच झालं. सॉफ्टवेअरमधून डेटा तपासायला लावला तर फाईलमध्ये गडबड निघाली. त्या रात्री घेतलेला बॅकअपही त्याच फाईलचा, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. नव्या रॅमच्या आदल्या दिवशीचा बॅकअप निघाला, तो परत घेतला आणि नंतरच्या सगळ्या पट्ट्या कार्बन कॉपीवरून पुन्हा भरल्या. अण्णा चष्मा लावून एकेक आकडा वाचत होते, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, आणि मी भरत होते. रात्री साडेअकराला शेवटची पट्टी झाली, रोजमेळाशी बेरीज ताडून बघितली आणि ती पैशापर्यंत जुळली.