मदत हवी आहे: जीपच्या ४ इंच लिफ्टवर (गाडी उंच केल्यावर) लाँग आर्म (ॲक्सलला चॅसीशी जोडणारे लांब दांडे), पुढे रेडियस आर्म (प्रत्येक बाजूचा अपर-लोअर एकत्र जोडलेला) घ्यावेत की ३-लिंक (दोन लोअर, एकच अपर)?

गाडी जीप रँग्लर टीजे, ४ लिटर इंजिन, ३३ इंची टायर, आर्म मूळ लांबीचेच. लिफ्टमुळे पुढचे लोअर आर्म फार तिरके झालेत. चाक वर उचललं जाताना आर्मच्या कमानीमुळे ॲक्सलला पुढे, म्हणजे दगडाकडेच सरकावं लागतं आणि दणका थेट चॅसीत येतो.

ॲडजस्टेबल लोअर आर्म टाकून कॅस्टर (स्टीअरिंगच्या पिव्हट रेषेचा मागे झुकाव) ५ अंशांवर आणला, शॉक बदलले, बुशिंगचे (आर्मच्या टोकाच्या रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसले. रस्त्यावर फरक पडला, दगडांत अजिबात नाही.

मागे ट्रँग्युलेटेड ४-लिंक (चार आर्म, त्यातली एक जोडी तिरकी) ठरलंय. लिफ्टमुळे वाढलेला मागच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन सांभाळायला स्लिप योक एलिमिनेटर आणि डबल कार्डन शाफ्ट आधीच आहे. वेल्डिंग चालेल, लिफ्ट वाढवायची नाही, आणि गाडी हायवेवरही रोज चालते.

रेडियस आर्म बसवायला सोपे, पण एक चाक वर नि एक खाली गेलं की ॲक्सलकडच्या बुशिंग पिळवटून अडतात. ३-लिंक मोकळं खेळतं, मात्र ब्रेकिंगचा सगळा पीळ एकट्या अपर आर्मवर, आणि एक्झॉस्टपाशी जागा अगदी बोटभर.

३-लिंक हायवेवर भरपूर चालवलेल्यांनी सांगा: अपर आर्म कुठल्या बाजूला घेतला, लोअरच्या तुलनेत किती लांब ठेवला, आणि त्याच्या ॲक्सलकडच्या टोकाला रबर बुशिंग टिकते की मोकळा फिरणारा जॉइंटच लावावा?