मदत हवी आहे : लांब लहरी अडथळे ओलांडतात, मग बोगद्यात आधी त्याच का विरतात?

नमस्कार. माझी भाची नववीत आहे आणि तिला रेडिओ लहरींविषयी समजावताना तिच्या एका प्रश्नापाशी मी अडलो आहे. चुकीचे उत्तर तिच्या मनात पक्के बसू नये, म्हणून येथे विचारतो.

रेडिओ लहरी आणि प्रकाश एकाच जातीचे असून निर्वातात दोन्ही सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात, हे मी तिला सांगितले होते. वेगाला वारंवारतेने भागून आम्ही तरंगलांब्याही काढल्या : १ मेगाहर्ट्झच्या मीडियम वेव्ह केंद्राची ३०० मीटर, १०० मेगाहर्ट्झच्या एफएम केंद्राची ३ मीटर आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची साडेबारा सेंटिमीटर. त्यावरून मी असा नियम सांगून टाकला, की लहर जितकी लांब तितकी ती अडथळ्यांना दाद देत नाही. मीडियम वेव्ह टेकडीमागेही पोचते आणि वायफाय दोन भिंतींपलीकडे क्षीण होते, त्यामुळे तिलाही तो पटला.

पुढे एका प्रवासात गाडी बोगद्यात शिरताच मीडियम वेव्हचे केंद्र बंद पडले, परंतु एफएम लावल्यावर ते बरेच अंतर स्पष्ट ऐकू येत राहिले. "मामा, तुझा नियम इथे उलटा कसा झाला?" असे तिने विचारले. खडक लहरी शोषून घेतो असे म्हणावे, तर त्याने दोन्ही लहरींना अडवायला हवे होते. माझी चूक नेमकी कोठे होते आहे?

प्रतिसाद १

भाचीचे निरीक्षण अचूक आहे. आपल्या नियमात वळसा घालणे आणि आरपार जाणे या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि बोगद्यात तिसरीच गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे तोंडातून आत शिरणे.

टेकडीमागे मीडियम वेव्ह पोचते ती टेकडी भेदून नव्हे, तर तिला वळसा घालून, कारण ३०० मीटरच्या लहरीपुढे टेकडी फार मोठी नसते. बोगद्याभोवतीचा दमट खडक आणि अस्तरातील लोखंडी सळ्या मात्र वीज वाहून नेतात. अशा वाहक भिंतींच्या नळीत शिरून पुढे सरकायचे असेल, तर नळीची रुंदी निदान अर्ध्या तरंगलांबीइतकी लागते. बोगदा १० मीटर रुंद धरला, तर एफएमला हवे असलेले दीड मीटर त्यात सहज मावतात, पण मीडियम वेव्हला १५० मीटर हवे असतात, म्हणून ती तोंडापासून काही मीटरांतच विरून जाते.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराची जाळी तिला अवश्य दाखवा, कारण तेथे हेच तत्त्व रोज कामाला येते. आतली लहर सुमारे १२ सेंटिमीटरची आणि जाळीची छिद्रे मिलिमीटरभराची असल्याने ती बाहेर पडत नाही, उलट प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्याने आतले अन्न आपल्याला दिसते. घरीही हे पडताळता येईल : लहान रेडिओवर मीडियम वेव्हचे एखादे क्षीण केंद्र लावून तो खोल पातेल्यात ठेवा. पातेल्याचे तोंड उघडे असूनही आवाज आणखी मंदावेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. पातेल्याचा प्रयोग आम्ही लगेच केला आणि केंद्र जवळजवळ नाहीसे झाले. बोगद्याच्या वळणानंतर एफएमही हळूहळू खरखरू लागले होते. शिरण्यापुरती जागा असताना असे का व्हावे?

प्रतिसाद २

भिंती परिपूर्ण वाहक नसतात, त्यामुळे प्रत्येक परावर्तनात लहरीची थोडी ऊर्जा त्यांच्यात जिरते आणि वळणावर परावर्तने वाढतात. म्हणूनच अनेक लांब बोगद्यांत आणि भुयारी रेल्वेमार्गांवर एक खास केबल टांगलेली असते. तिच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला मुद्दाम फटी ठेवतात, आणि त्यांतून लहरी संपूर्ण मार्गभर थोड्या थोड्या पाझरत राहतात. पुढच्या प्रवासात भाचीला भिंतीवर ती शोधायला सांगा.