आईचे गुडघे: इंजेक्शन, नस बधिर करणं की थेट गुडघाबदल?

सायली_नाशिक: आई ६७ वर्षांची, वजन ७८ किलो. चार वर्षं गुडघे दुखतायत, उजवा जास्त. जिना उतरताना कठडा सोडवत नाही. एका डॉक्टरांनी सांध्याची झीज 'ग्रेड ३' (चारपैकी तिसरी पायरी) सांगून पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्सची) तीन इंजेक्शनं सुचवली, दुसरे रेडिओफ्रिक्वेन्सीने (सुईतून उष्णता देऊन) गुडघ्याची नस बधिर करू म्हणतात, तिसरे म्हणतात गुडघाच बदला. आईला ऑपरेशनची फार धास्ती आहे. कुणाच्या घरी यातलं काही झालं असेल तर कृपया सांगा.

मीनल_फिजिओ: सायली, एक्स-रे उभं राहून काढलाय का? झोपवून काढला तर सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सलग तीन महिने झालेत का? वजन एक किलो उतरलं तर चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक साधारण चार किलोने उतरतो, त्यामुळे पाच किलोसुद्धा खूप झाले. पीआरपीचा खर्च मी तरी करणार नाही. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आले. वर्षभराने पीआरपीवाल्यांचं आणि नुसतं सलाइन टोचलेल्यांचं दुखणं सारखंच होतं. दुर्बिणीने गुडघा 'साफ' करू असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. झिजेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही.

अरुण_सातारा: आमच्या हिची रेडिओफ्रिक्वेन्सी दीड वर्षापूर्वी केली. हृदयाचा त्रास, म्हणून मोठं ऑपरेशन टाळायचं होतं. आधी औषध टोचून नस तात्पुरती बधिर करून पाहिली. दुखणं निम्म्याहून कमी झालं, तेव्हाच पुढे गेलो. सुईचंच काम, संध्याकाळी घरी. नऊ महिने ती मंडईत चालत जायची. मग हळूहळू पुन्हा दुखू लागलं. झीज आहे तशीच राहते हो, फक्त दुखण्याचा निरोप वर पोचत नाही. तरी ते नऊ महिने आम्हाला मोलाचे वाटले.

वैशाली_ठाणे: सासूबाईंचा पाय बाहेर बाकला होता, रात्रीची झोप गेली होती. गुडघा बदलला. पहिले सहा आठवडे कठीण, वाकवताना रडायच्या. आता तीन वर्षं झाली, रोज देवळात चालत जातात. मांडी घालून मात्र बसत नाहीत, पोथी खुर्चीत बसून वाचतात. इम्प्लांटच्या (बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, बिलात ती रक्कम वेगळी लिहून मागा. आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर ऑपरेशन निदान तीन महिने पुढे ढकलावं लागतं, जंतुसंसर्गाचा धोका असतो. आम्हाला हे तारीख ठरल्यावर कळलं.

सायली_नाशिक: फाइल पाहिली, एक्स-रे झोपवूनच काढलाय! उद्याच उभ्याने काढून घेते. मीनलताई, झीज एकाच बाजूला निघाली तर?

मीनल_फिजिओ: फक्त आतल्या बाजूला असेल आणि लिगामेंट (हाडं जोडणारे पट्टे) शाबूत असतील तर अर्धा गुडघा, म्हणजे फक्त झिजलेली बाजू, बदलण्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचार. तोवर आईंना खुर्चीत बसून पाय सरळ ताणून दहा आकडे धरायला लाव, दिवसातून तीनदा.