मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन इथे की लंडनला?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो. आई ७३ वर्षांची, डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत. जिना उतरताना तिचा चेहरा बघवत नाही.

धाकटा भाऊ लंडनला असतो. तो म्हणतो, "ताई, आईला इकडे पाठव, इथे सगळं फुकट." मी माहिती काढली, तर तसं नाही. एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) १९४८ पासून मोफत आहे, पण तिथे कायम राहणाऱ्यांसाठी. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांकडून अशा ऑपरेशनचे एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट पैसे घेतात, तेही आगाऊ. आणि तिथल्या लोकांसाठीसुद्धा १८ आठवड्यांत उपचार हे उद्दिष्ट आहे, अनेकांना त्याहून जास्त थांबावं लागतं.

म्हणून इथेच करावं असं मला वाटतं. एका खासगी हॉस्पिटलने तोंडी एक आकडा सांगितला, लेखी मागितल्यावर वेगळाच दिला. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते आईचं काढलंय.

ठाणे किंवा नवी मुंबईत या कार्डावर कुणी गुडघे बदलून घेतलेत का? खासगीत चाललं की सरकारीतच जावं लागलं? वरून किती भरावे लागले? फिजिओथेरपीचं काय केलंत? कृपया स्वतःचा अनुभव सांगा, भावाला या रविवारी उत्तर द्यायचंय.