हेडफोन: घडीचा कॉस पोर्टा प्रो की महागडा सेनहायझर एचडी ६००?

लोकलवाला: पोर्टा प्रो वापरतोय, १९८४ पासूनचं जुनं डिझाइन, घडी करून बॅगेच्या कप्प्यात बसतो. एचडी ६०० घेतला तर खरंच एवढा फरक कळतो का?

षड्ज: कळतो हो! दोन्ही आहेत माझ्याकडे, पोर्टा प्रोवर बेस पुढे येतो आणि डग्गा सगळ्यावर पसरतो, एचडी ६००वर तानपुऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू येतात, गायकाचा श्वास पण. फक्त त्याचा विद्युत रोध ३०० ओहम, नुसत्या मोबाइलवर जोर कमी पडतो, अँपचा (आवाजाला जोर देणाऱ्या अँप्लिफायरचा) खर्च धरा. पोर्टा प्रो ६० ओहम, कशावरही वाजतो.

लोकलवाला: आणि लोकलमध्ये?

रात्रपाळी: दोन्ही ओपन, म्हणजे बाहेरून उघडे आहेत रे, गोंगाट सरळ आत येतो. घरी शांतपणे ऐकणार असशील तरच पैसे घाल. आधी पोर्टा प्रोचा कानावरचा फोम झिजलाय का बघ, नवा टाक, त्यानेही आवाज सुधारतो.