सेल्फ-अवेअरनेस : आत्मभान की स्वजाणीव?

अनुस्वार : तिसरीच्या कृतिपत्रिकांचं भाषांतर चालू आहे. कॅसेल या अमेरिकी संस्थेने ठरवलेली सामाजिक-भावनिक शिक्षणाची पाच अंगं त्यात आहेत. पहिल्याच अंगाला, सेल्फ-अवेअरनेसला, 'आत्मभान' लिहिलं, तर संपादक म्हणतात 'स्वजाणीव' करा, 'आत्म'ला अध्यात्माचा वास येतो. पटतं का?

काना-मात्रा : नाही पटत. आत्मविश्वासात कुठलं आलंय अध्यात्म? आत्मन् म्हणजे स्वतः. आणि 'भान'मागचा धातू 'भा', प्रकाशणे. 'स्वजाणीव' हा परिभाषेच्या टाकसाळीतला शब्द आहे.

मध्यमा : पण भान क्षणाचं असतं. ते सुटतं, हरपतं, माणूस भानावर येतो. जाणीव मुरलेली असते. राग चढताना तो ओळखणं हे भान; आपल्याला काय जमतं, काय जमत नाही हे कळणं ही जाणीव. या अंगात दोन्ही येतं, म्हणून एक शब्द पुरत नाही.

वेलांटी : हा शब्द शिक्षकांच्या पुस्तिकेत जाऊ दे, मुलांच्या पानावर 'मला काय वाटतंय?' एवढं पुरे. खरी मेख रिकाम्या जागेत आहे. 'आय फील ___'चं 'मी ___ आहे' केलंत, की मुलं 'मी हुशार आहे', 'मी तिसरीत आहे' लिहिणार. मराठीत राग येतो, भीती वाटते, आनंद होतो. भावना येते आणि जाते, मूल म्हणजे राग नव्हे, हे आपलं व्याकरणच सांगतं! तेव्हा क्रियापद छापून तीन ओळी द्या : 'मला ___ येतो', 'मला ___ वाटते', 'मला ___ होतो'. प्रत्येक ओळीखाली तिचेच दोन-तीन शब्द. सगळे एकाच चौकटीत टाकले की 'भीती होतो' असं काहीतरी येतं, शिक्षक लाल शाईने व्याकरण सुधारतात आणि भीतीबद्दलचं बोलणं तिथेच थांबतं. खाली 'अंगात कुठे कळलं?' हवंच : कानशिलं तापली, पोटात गोळा आला, घसा दाटला.

मध्यमा : 'मी चिडलो', 'मी घाबरले' हेही मराठीच की.

वेलांटी : आहेच. पण तिथे चिडलो/चिडले असं दोन्ही छापावं लागतं. 'मला राग आला' मुलगा-मुलगी दोघांना चालतं.

काना-मात्रा : संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, 'अनुराग'मध्ये तो अर्थ टिकलाय. मराठीत तोच संताप झाला.

अनुस्वार : रागाचा तापमापकही आहे, एक ते दहा अंशांचा.

वेलांटी : दहा अंशांना दहा शब्द कुठून आणणार? कुरकुर, चिडचिड, राग, संताप, एवढ्या चार पायऱ्या ठेवा.

काना-मात्रा : एम्पथीला मात्र 'सहानुभूती'च ठेवा. सह अनुभूती, आणखी काय हवं?

मध्यमा : सहानुभूती 'दाखवतात', वरून खाली. मुलांना ती कीव वाटते. 'समानुभूती' घ्या.

काना-मात्रा : वापराने बिघडलेला शब्द टाकायचा की सुधारायचा? आणि एम्पथी तरी कुठे जुना? मानसशास्त्रज्ञ टिचनरने १९०९मध्ये जर्मन 'आइनफ्यूलुंग'साठी घडवला.

मध्यमा : म्हणजे त्यांनी नवा घडवला तर चालतो, आपण 'समानुभूती' घडवला की टाकसाळ?

वेलांटी : तिसरीला दोन्ही जड. 'त्याच्या जागी मी असतो तर' म्हणा.

मध्यमा : असतो की असते?

वेलांटी : खरंच की. मग 'त्याला काय वाटत असेल?'

अनुस्वार : आणि रुसणं कुठे बसवू? येत नाही, वाटत नाही, होत नाही.

मध्यमा : तापमापकावर तर नकोच. रुसायला समोर कुणीतरी लागतं, समजूत काढणारं.